खोडलेलं खाचर

ठकू, काल तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, भांडी धुवून पालथी पडली, आणि मी ओट्यावर बसून तुझ्याशी बोलायला तोंड उघडलं, तर आतून सूनबाई म्हणाली, "आई, कुणाशी बोलताय?" आता तिला काय सांगू. म्हणून लिहायला बसले. लिहिलेलं आतल्या खोलीत ऐकू जात नाही, एवढं बरं आहे.

तू कुठं जन्मलीस, कधी गेलीस, मागं कोण कोण आहे, ते मी लिहायची नाही. ते सगळं एसटीच्या थांब्यावर फ्लेक्सवर आहे. फोटो तो समुद्रावरचा घेतलाय. तुझा दुसरा फोटोच कुठं होता नीट? पण फ्लेक्सवाल्यानं मागचा समुद्र काढून टाकला आणि ढग लावले. तू ढगात उभी आहेस, पदर खोचलेला, हातात चपला. बघून मला आधी हसू आलं आणि मग तिथंच थांब्यावर बसून घ्यावं लागलं.

पण मला तुला विचारायचंय ते निराळंच. दिवाळीतलं. ते डोक्यातून जात नाही आणि नीट उलगडतही नाही.

प्राजू आली होती पुण्यावरून, कॉलेजला सुट्टी लागलेली. आपण दोघी उन्हात पाय पसरून हिरडा निवडत होतो. आमची ही नात वही घेऊन पुढ्यात बसली. म्हणाली, "आज्यांनो, आता सगळे लोक बकेट लिस्ट करतात. मरायच्या आधी काय काय करायचं त्याची यादी. तुमची मी लिहिणार."

सूनबाई आतून ओरडली, "सणासुदीला मरायचं काय बोलतेस गं?"

तू म्हणालीस, "बोलू दे की. मरायचंच हाय, सणाला न्हाई तर बिगरसणाला."

प्राजूनं पानाच्या मधोमध रेघ मारली. एका अंगाला 'केलं', दुसऱ्या अंगाला 'करायचं'. म्हणे आधी केलेलं लिहायचं, म्हणजे माणसाला उमेद येते. पण अट अशी की जे आपलं आपण मिळवलं तेवढंच. लग्न, पोरं, घर ते धरायचं नाही, ते काय एकट्याचं नसतं.

माझं मी लगेच सांगितलं. "वाचायला शिकले. माझी मी." अंगणवाडीत मदतनीस होते तेव्हा भिंतीवरच्या चार्टावरून एकेक अक्षर उचललं. अ अननसाचा. अननस आपल्या अख्ख्या वाडीत कुणी बघितला नव्हता, पण अ मला तिथंच भेटला. हे सांगताना मी किती ताठ बसले असेन, आता आठवून लाज वाटते. ती का, ते पुढं येईल.

मग तुझी पाळी. तू हातातला हिरडा सुपात टाकलास आणि म्हणालीस, "खाचर."

"म्हणजे काय आत्याआजी?"

"वरलं खाचर. मी केलं. लिही."

प्राजूनं लिहिलं. आणि ठकू, मी हसले. माझ्या तोंडाला कुलूप नाही हे तुला माहीत आहे, चाळीस वर्षं एका चुलीवर काढली आपण नणंद-भावजयींनी. मी म्हटलं, "अगं, सातबारा तुझ्या दादाच्या नावावर, माती अख्ख्या वाडीनं ओढली, आन् केलं म्हणे हिनं." सूनबाई पण हसली, प्राजू पण हसली. तूही हसलीस. खोटं सांगत नाही, तू माझ्यापेक्षा मोठ्यानं हसलीस. मग पोरीला म्हणालीस, "खोड गं ते. वयनीचं खरं हाय."

"मग काय लिहू?"

"समुद्र लिही. बघायचा राहिलाय म्हण."

तिनं खोडलं. तू परत हिरडा निवडायला लागलीस. एवढंच झालं. भांडण नाही, रुसवा नाही, रात्री तूच मला भाकर वाढलीस. मग माझ्या उरात हे कशाला अडकून बसलंय?

प्राजूला त्या दिवशी ते खाचर काय आहे हे कुणी सांगितलंच नाही, म्हणून इथं सांगते, तिच्यासाठी आणि जो कुणी वाचेल त्याच्यासाठी. आमच्याकडं आहुप्याच्या अंगाला सपाट जमीन हातरुमालाएवढी. भात लावायचं तर डोंगराचा उतार खणून, खालच्या बाजूनं दगडाची ताल, म्हणजे भिंत, रचून, मागं माती भरून पायरी करायची. ती पायरी म्हणजे खाचर. एका घराच्या हातनं ते होत नाही. म्हणून भात निघाल्यावर वाडीतली घरं मिळून आज याच्या उतारावर, उद्या त्याच्या उतारावर असं करत जातात. त्याला पडकई म्हणतात. प्रत्येक घरानं एक माणूस द्यायचं, ज्याची पाळी त्यानं जेवण घालायचं, एकानं ढोल वाजवायचा. घरं बोटावर मोजतात, माणसं नाही.

आणि तुला घर नव्हतं. दोन पावसाळे नांदून तू बोचकं घेऊन परत आलीस, नवऱ्यानं दुसरी केली होती. तुझ्या दादानं तुला कधी वाकडा शब्द बोलला नाही, मी बोलले असेन, पण तुला घासाला कमी केलं नाही. पण वाडीच्या हिशेबात तू दादाच्या घरात. मग एका वर्षी तू काय काढलंस, तर तुझा दादा पडकईला निघाला की त्याच्या मागनं तूही कुदळ घेऊन निघालीस. लोक म्हणाले, "ठकू, तुमच्या घरचं माणूस आलंय की." तू म्हणालीस, "ते दादाचं. मी माझी."

लोकांना वाटलं चेष्टा. मलाही वाटलं. घरी आल्यावर मी म्हटलं, "भवाने, फुकट राबायला तुला कुणी सांगितलंय?" तू पायाला तेल चोळत म्हणालीस, "फुकट कशाला, पाळी येईल ना माझी." तीन वर्षं तू असं केलंस. एकही उतार सोडला नाहीस. चौथ्या वर्षी वाडीतल्या किसनभाऊनं सगळ्यांसमोर सांगितलं, की आता ठकूबाईची पाळी द्यायला पाहिजे, माणूस लई दिवस राबलंय. दादानं वरचा पडीक तुकडा तोंडी दिला, घे म्हणाला, तुझा. आणि आली सगळी वाडी तुझ्या उतारावर. मी चुलीपाशी होते, दोन डेचक्यांत वालाचं कालवण. तू त्या दिवशी नवं लुगडं नेसून माती ओढलीस. खुळी कुठली.

आता मी जे सांगणार आहे ते मी तुला कधी सांगितलं नाही.

ताल रचायचं काम बाप्ये करतात. तू अडून बसलीस, की खालच्या अंगाचा कोपरा मी लावणार. लावू दिला. संध्याकाळी तुझा दादा मला हळूच म्हणाला, "कोपरा जाणार." लांबट दगडाची लांबी आत मातीत जावी लागते, तेव्हा तो धरून राहतो. तू सगळे आडवे लावले होतेस, लांबी बाहेर, दिसायला देखणे, भिंतीवर नक्षी काढल्यासारखे. एका पावसात पोट सुटून खाली आला असता, आणि खालच्याच्या खाचरात गेला असता. मग बाजाराच्या दिवशी तू घोडेगावला गेलीस, तेव्हा आम्ही दोघं वर गेलो. त्यानं कोपरा उकलला, मी दगड हातात दिले, त्यानं परत लावला. येताना म्हणाला, "तिला कळू देऊ नको. तिला वाटू दे."

कळू दिलं नाही. कोपरा इतकी वर्षं उभा आहे. पाव्हणं आलं की तू वर न्यायचीस आणि सांगायचीस, "बाकी समद्यांनी केलं, कोपरा मी एकटीनं लावलाय." मी शेजारी उभी राहून मान हलवायची. मनातून म्हणायची, बिचारी. इतकी वर्षं मी तुला बिचारी म्हटलं, ठकू. तुझा दादा गेला तरी मी ते झाकून ठेवलं, आणि मला त्याचं मोठेपण वाटायचं, की बघा मी किती सांभाळून घेते हिला.

दिवाळीत तू 'खाचर' म्हणालीस तेव्हा हेच माझ्या जिभेवर आलं होतं. ते मी गिळलं. आणि ते गिळलं म्हणून दुसरं काहीतरी बोलायला पाहिजे तर सातबाऱ्याचं बोलले. म्हणजे मी तुला वाचवायला गेले आणि तुझं एकुलतं एक खोडून आले. असं होतं का माणसाकडनं? मला अजून समजत नाही मी तेव्हा नक्की काय केलं.

पुढचं तर आणखी गंमत आहे. थंडीत लेकानं, मोहननं, गाडी काढली आणि आपल्या दोघींना कोकणात नेलं. गाडी त्याची, डिझेल त्याचं, घाटात मला उलटी झाली ती पिशवी प्राजूनं धरली. तू नुसती खिडकीपाशी बसून आलीस. वाळूत उतरलीस, चपला हातात घेतल्यास, पाणी पायाला लागलं तशी मागं सरलीस. मोहन म्हणाला, "आत्या, कसा वाटला?"

तू म्हणालीस, "लई पाणी हाय. आन् भात न्हाई काय न्हाई. वाया चाललंय समदं."

मग थोड्या वेळानं म्हणालीस, "बघितला. चला, म्हशीला शेजारचं पोरगं बांधील न बांधील."

आणि प्राजूनं वही काढून तुझ्या समुद्रापुढं बरोबरची खूण केली. 'केलं'च्या रकान्यात गेला समुद्र. येताना गाडीत तू माझ्या कानाशी म्हणालीस, "वयनी, मी काय केलं गं ह्यात?" मी म्हटलं, "गप बस, पोरीला बरं वाटतंय." मला तेव्हा तरी दिसायला पाहिजे होतं ना, की ज्यात तू बोटसुद्धा हलवलं नाहीस ते तुझं केलेलं ठरलं, आणि ज्याच्यासाठी चार वर्षं कुदळ मारली ते खोडलं गेलं. मी समोर बसून दोन्ही बघितलं आणि मला घाटातली उलटी तेवढी लक्षात राहिली.

आता कालचं ऐक.

जेवणं झाल्यावर किसनभाऊ ओट्यावर टेकला. थकलाय आता, काठीशिवाय चालत नाही. त्या पडकईतला तो एकच राहिलाय. तंबाखू मळत म्हणाला, "ठकूबाईचा कोपरा मात्र पक्का. दोनदा लावला तिनं."

मी म्हटलं, "दोनदा?"

"तर काय. मी म्हशी घेऊन वरच्या अंगाला व्हतो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी आली एकलीच. लावलेला कोपरा उकलला समदा आन् परत रचला. मी म्हणलं, का गं, चांगला व्हता की. तर म्हणली, दगडाची तोंडं चुकली व्हती."

ठकू, माझ्या हातातला तांब्या खाली ठेवला मी.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी म्हणजे आमच्यानंतर. म्हणजे तुला कळलं होतं. तू बाजारावरून आलीस, वर जाऊन आलीस, आणि रात्री पुडीतली गोडीशेव माझ्या हातावर ठेवलीस. माझ्याकडं बघत होतीस, ते मला आठवतंय, मी म्हटलं होतं, "काय बघतीस?" आणि तू म्हणालीस, "काय न्हाई." तर त्याचा अर्थ हा होता का? तू दादाचा कोपरा उकलून पुन्हा तुझा लावलास? मग तो तुझ्या आडव्या दगडांचा असूनही राहिला कसा? की तू दादानं कसा लावलाय ते बघून शिकलीस, आणि मग उकलून तसाच, पण तुझ्या हातानं लावलास? कुणाची तोंडं चुकली होती, ठकू? तुझी का दादाची?

आणि तू सगळ्यांना 'माझा कोपरा' सांगत होतीस आणि मी शेजारी मान हलवत होते, तेव्हा तू मला बघून काय म्हणत होतीस मनातून? तूच मला बिचारी म्हणत होतीस की काय?

पण किसनभाऊचं तरी काय धरायचं. त्याच बैठकीत तो म्हणाला, की ठकूबाईच्या पडकईत तिचा दादा ढोल वाजवत होता. तुझ्या दादानं जन्मात ढोलाला हात लावला नाही. त्याला दिवस मागंपुढं होतात. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी म्हणतो तो बाजाराचा आदला दिवसही असेल, म्हणजे तू आमच्या आधीच एकदा उकलून लावला असशील, आणि तो पुन्हा चुकीचाच, आणि मग दादानं तो मोडून सरळ केला. मग माझीच गोष्ट खरी. मला कुठली खरी हवी आहे तेही मला सांगता येत नाही.

आज सकाळी वर गेले. गुडघ्यांनी दोनदा बसवलं वाटेत. कोपऱ्यापाशी उकिडवी बसून एकेक दगड बघितला. काही दगडांची लांबी आत आहे, काहींची बाहेर. खालचे दोन थर आत, त्याच्या वरचे आडवे, मग परत आत. शेवाळ सगळ्यावर एकसारखं. हात लावून बघितला, एक खडा हलत नाही. तुझा का त्याचा, मी दिलेले दगड कुठले, काही ओळखू येईना. मी कितीतरी वेळ बसून होते. वरून कुणी बघितलं असतं तर म्हणालं असतं, म्हातारी दगड मोजते आहे.

तिथं बसल्यावर मला माझा अननस आठवला. मी अंगणवाडीत थांबून चार्ट वाचत बसायचे, मोहन तेव्हा पाळण्यात होता. घरी यायचे तेव्हा पाणी भरलेलं असायचं, म्हशीचं झालेलं असायचं, भाकरी दुरडीत झाकून. पोरगं तुझ्या पाठीला बांधलेलं. एक दिवस तू विचारलं होतंस, "आज कुठलं अक्षर?" मी म्हटलं, "ठ." तू म्हणालीस, "माझं का?" मी जमिनीवर काढून दाखवलं. तू पायानं पुसलंस आणि उठलीस, भाकरी करपायला लागली होती म्हणून.

दिवाळीत मी ताठ बसून 'माझी मी' म्हणाले, तेव्हा तू मला हसली असतीस तर? "वयनी, तू अक्षरं गिरवत व्हतीस तवा भाकरी कोण थापत व्हतं गं?" एवढं म्हटलं असतंस, तर माझंही प्राजूला खोडायला लागलं असतं. पण तू बोलली नाहीस. सुपात हिरडा टाकत होतीस. तुला सुचलं नाही की तू मला सोडलंस? मला सोडलं असशील तर मला ते कळायला नको होतं का? म्हणजे मी तुझे पाय धरले असते असं नाही, आपल्यात तसलं नव्हतं. पण निदान तुझं तरी खोडू दिलं नसतं.

दुपारी प्राजूचा फोन आला. तीही रडत होती. म्हणाली, "आजी, वही माझ्याकडंच आहे. आत्याआजीचं ते खोडलेलं परत लिहू का? आणि कसं लिहू, तिनं केलं म्हणून, का सगळ्यांनी केलं म्हणून?" मी म्हटलं, "थांब जरा." ती म्हणाली, "किती थांबू?" मी म्हटलं, "मला ठरवता येईना गं, पोरी." फोन ठेवला.

मग उन्हं उतरल्यावर हौसा आली, आणि तिच्यामागं दोघी, वाडीतल्याच लेकी-सुना. सांत्वनाला आल्या असतील म्हणून मी चटई टाकायला उठले. हौसा म्हणाली, "बसत न्हाई मामी. परवापासून राब भाजायला सुरुवात." पेरणीआधी रोपांची जागा पालापाचोळा पसरून भाजून घेतात, तेही वाडी मिळूनच करते, आज याचं उद्या त्याचं. ती दारात उभी राहून घरं मोजायला लागली. किसनभाऊचं एक, बारक्याचं एक, आमचं एक, असं करत बोटं मिटत होती. नऊ झाली. मग थांबली.

"मामी, एक इचारू? ठकूआत्याचं घर धरायचं का सोडायचं?"

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, "कुठलं घर?"

"तिचं, मामी. दर साली धरतो की आमी. तुमचं येगळं, तिचं येगळं." तिला नवल वाटलं मी विचारलं त्याचं. "आता माणूस न्हाई म्हणून इचारलं. सोडायचं तर सोडू, वरल्या खाचराला मग कुणी यायचं न्हाई."

ही हौसा तुझ्या पडकईच्या वेळी जन्मलीसुद्धा नव्हती. तिला कुणी सांगितलं? तिच्या सासूनं सांगितलं असेल, सासूला आणि कुणी. तुझं ते 'मी माझी' मी घरात चेष्टा म्हणून विसरून गेले, आणि बाहेर वाडी दर वर्षी बोटावर मोजत होती. मोहननं पण मला कधी सांगितलं नाही, त्याला वाटत असेल आईला माहीतच आहे.

ते खाचर तू केलंस का, कोपरा कुणाचा, वहीत काय लिहायचं, यातलं मला अजून काहीच कळलेलं नाही, ठकू. पण ती दारात थांबली होती आणि एक बोट उभं होतं.

मी म्हटलं, "धरा."

"मग त्या घरचं कोण येणार?"

"मी येईन."

मागच्या दोघी एकमेकींकडं बघायला लागल्या. हौसानं माझ्या गुडघ्यांकडं बघितलं. "तुमी काय करणार मामी तिथं?"

"पाला पसरीन. न्हाईतर बसून बोलीन. ढोल न्हाई तर न्हाई."

ती हसली. सूनबाई आतून म्हणाली, "आई, आपल्या घरचं तर मी जातेच आहे की." हौसानं ते दहावं बोट मिटलं आणि त्या तिघी पुढच्या दाराला गेल्या.